अदमास आणि ताळा

कारखान्याच्या शेडमध्ये ओव्हरहेड क्रेन चालू असते तेव्हा खाली उभ्या असलेल्या खलाशाचे डोळे हुकाकडे असतात आणि वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरचे डोळे खलाशाच्या हाताकडे. दोघांच्या मध्ये दोन-चार टनांचे ओझे दोराला लटकून हेलकावे खात येत असते. क्रेन थांबली म्हणून ओझे थांबत नाही. उलट त्या वेळीच ते जास्त झोकांड्या खाते. मुरलेला ऑपरेटर काय करतो? ओझे झोक्याच्या पुढच्या टोकाला पोहोचले की नेमक्या त्या क्षणी ट्रॉली पुढे घेऊन त्याच्या डोक्यावर आणतो. झोका तिथल्या तिथे मरतो. आमची माणसे याला 'झोका पकडणे' म्हणतात.

दोर ४ मीटर असला तर जाऊन येऊन एक झोका सुमारे ४ सेकंदांचा होतो, ९ मीटर असला तर ६ सेकंदांचा आणि १६ मीटर असला तर ८ सेकंदांचा. ओझे जड की हलके याच्याशी या वेळाचा संबंध नाही. हॉयगेन्स या डच पंडिताने लंबकाचा हा हिशेब १६७३ साली ग्रंथरूपाने मांडला. आमच्या ऑपरेटरांनी हॉयगेन्सचे नावही ऐकलेले नसते, पण दोर किती सुटला आहे हे पाहून त्यांचा हात आपोआप तेवढा वेळ थांबतो. अमेरिकेत ओटो स्मिथ या प्राध्यापकांनी १९५७ साली हुकूम एकदम न देता दोन हप्त्यांत, अर्ध्या झोक्याच्या अंतराने, देण्याची पद्धत निबंधात मांडली. तीत आणि केबिनमधल्या युक्तीत तत्त्वाचा फरक नाही.

परंतु ऑपरेटरच्या जागी यंत्र बसवायचे म्हटले की अडचण उभी राहते. यंत्राला डोळे नाहीत. ट्रॉली कोठे आहे, मोटार किती जोर लावते आहे, दोर किती सुटला आहे, एवढे त्याला मोजता येते. ओझे या क्षणी किती अंशांनी कलले आहे आणि कोणत्या वेगाने झुलते आहे, हे मात्र सहसा मोजलेले नसते. जे मोजले नाही ते मोजलेल्यावरून ओळखायचे कसे, या प्रश्नाचा इतिहास आज आपणांसमोर ठेवायचा आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. शाळा दहावीवर सुटली. या विषयाकडे आम्हाला ओढले ते एका चौकशीने, आणि तिची हकीकत ओघाने येईलच.

एका कारखान्यात क्रेनवरचे ओझे झुलून एका खलाशाच्या पायावर आले. क्रेनला झोका आपोआप आवरणारी पेटी बसवलेली होती. व्यवस्थापनाने चौकशीत त्या पेटीतून निघालेला कागद ठेवला. अपघाताच्या क्षणी ओझ्याचा कोन इतका, वेग इतका. म्हणजे ऑपरेटरने वेळेआधी खाली सोडले, दोष त्याचा. ऑपरेटर म्हणत होता, ओझे कागदात आहे तसे झुलतच नव्हते. आम्ही कामगारांचे प्रतिनिधी म्हणून विचारले, हा कोन कोणी मोजला? खोलीत बसलेल्या एकालाही उत्तर देता येईना. त्या रात्रीपासून आम्ही वाचायला लागलो.

आमच्या मते गोष्ट आकाशातून सुरू करावी. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे पियाझ्झी यांना एक नवा फिरता तारा दिसला. त्याला पुढे सेरेस हे नाव मिळाले. पियाझ्झींनी ११ फेब्रुवारीपर्यंत तो पाहिला. मग ते आजारी पडले आणि पुढे तारा सूर्याच्या झगझगाटात हरवला. प्रदक्षिणेचा लहानसा तुकडाच काय तो हाती, आणि त्या मापांतही चुका असणारच. तेव्हा २४ वर्षांच्या गाउसने त्या थोड्या नोंदींवरून कक्षेचा हिशेब केला आणि तारा कोठे शोधावा ते सांगितले. वर्षाच्या अखेरीस फॉन त्साख आणि ओल्बर्स यांना तो त्याने सांगितल्याच्या आसपास सापडला. गाउसची थोरवी केवळ अचूक उत्तरात नाही. प्रत्येक माप थोडे खोटे असते हे गृहीत धरून, त्या खोटेपणाचाच हिशेब मांडण्याची रीत त्याने दिली. उत्तर किती आणि त्यावर भरवसा किती, या दोन गोष्टी त्याने एकत्र बांधल्या. आजच्या सर्व कथेचे मूळ हे आहे.

पण गाउसची रीत सावकाशीची. सगळी मापे गोळा करा, मग बसून गणित करा. झुलणारे ओझे आपल्यासाठी तेवढा वेळ थांबत नाही.

एक घरगुती उदाहरण घेऊ. सकाळी सहाची एस.टी. पुण्याहून नाशिकला निघाली. सात वाजले, आता ती राजगुरुनगरच्या आसपास असेल असा आपला अदमास. इतक्यात कोणी फोन करून सांगतो, गाडी मंचर ओलांडून गेली. आपण काय करू? आपला अदमास सोडून त्याचे सगळेच खरे मानू काय? ते सांगणाऱ्यावर अवलंबून आहे. फोन करणारा थापाड्या असेल तर आपण गाडी मनाने थोडीशीच पुढे सरकवू. तो स्वतः स्टँडवर उभा असलेला कंट्रोलर असेल तर पुष्कळ सरकवू. शिवाय आपला अदमास कितीसा पक्का होता हेही पाहू. घाटात पाऊस असेल तर आपल्याच हिशेबावर आपला विश्वास कमी. मग तिथून पुढे नवा अदमास, पुढच्या फोनला पुन्हा दुरुस्ती. गाडी एकदाही डोळ्यांनी न पाहता आपण तिच्याबरोबर चालत राहतो. शाळेत गुणाकाराचा ताळा पाहत असू, तसा हा दर क्षणी पाहिलेला ताळा. फरक इतकाच, की ताळा जुळला नाही तर पाटी पुसायची नाही. फरकाएवढा थोडा सुधार करून पुढे जायचे.

यालाच अवस्था-निरीक्षक म्हणतात. यंत्राच्या शेजारी गणितात त्याचे जुळे भावंड चालवायचे. खऱ्या यंत्राला जो जोर मिळतो तोच भावंडाला द्यायचा. खऱ्याचे जे थोडे मोजता येते ते भावंडाच्या त्याच आकड्याशी ताडायचे आणि जो फरक पडेल त्याने भावंडाला ओढून रांगेत आणायचे. दोघे जुळले की, भावंडाच्या पोटात जे दिसते ते खऱ्याच्याही पोटात आहे असे समजायचे.

असे भावंड रचताना एखादा बारीकसा सुटा भाग हिशेबात धरायचा राहिला तर काय होते, हे अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहाने दाखवून दिले. ३१ जानेवारी १९५८ रोजी एक्सप्लोरर १ वर गेला. लांबट कांडीसारखा त्याचा आकार. तो भोवऱ्यासारखा आपल्या लांबीच्या आसाभोवती फिरत राहावा अशी योजना होती. ऑयलरच्या अठराव्या शतकातल्या गणिताप्रमाणे पूर्ण ताठ वस्तू तशी फिरत राहू शकते. पण उपग्रहाला चार लवचीक तारांचे अँटेना होते. त्या तारा फिरताना लवत होत्या, लवताना थोडी थोडी शक्ती उष्णतेत खर्च होत होती, आणि काही तासांतच कांडी लांबीच्या आसाभोवती फिरायची सोडून पंख्याच्या पात्यासारखी गरगरू लागली. डोळ्यांनी हे कोणी पाहिले नाही. रेडिओचा आवाज ठरावीक तालात चढतो-उतरतो आहे, यावरून ओळखले. एक घन वस्तू आणि चार लवचीक काड्या: बहुपिंड यंत्ररचना म्हणतात ती हीच. अनेक अंगे जोडलेली, आणि प्रत्येकाच्या हालचालीचा दुसऱ्याला हिसका.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रूडॉल्फ काल्मान हे तरुण गणिती प्रिन्स्टनहून आगगाडीने बाल्टिमोरला परत येत होते. जन्म बुडापेस्टचा, १९३० सालचा. महायुद्धात कुटुंबासह अमेरिकेत आलेले. रात्री अकराच्या सुमारास गाडी बाल्टिमोरबाहेर तासभर अडकली. थकलेल्या, डोके दुखत असलेल्या त्या माणसाला तिथे सुचले, की नॉर्बर्ट वीनर यांनी युद्धकाळात गोंगाटातून खरी गोष्ट वेगळी काढण्याचे जे गणित केले, ते 'अवस्था' या कल्पनेतून मांडले तर? वीनरच्या रीतीत सगळा भूतकाळ जवळ बाळगावा लागे. काल्मानच्या रीतीत कालचा अदमास आणि त्यावरचा भरवसा, एवढी शिदोरी पुरते. मागची सगळी चोपडी फेकून द्यावी. लेख १९६० साली छापून आला, तोही विजेच्या अभियंत्यांच्या नव्हे, यांत्रिक अभियंत्यांच्या नियतकालिकात. ज्यांच्यासाठी लिहिले त्या मंडळींना तो आधी पटलाच नाही असे सांगतात.

येथे एक गोष्ट नोंदवतो. डेन्मार्कच्या थीले यांनी १८८० साली याच जातीची रीत वापरली होती. अमेरिकेत पीटर स्वेर्लिंग यांनी काल्मानच्या थोडे आधी उपग्रहांसाठी तसे गणित केले होते. सोव्हिएट रशियात स्त्रातोनोविच याच वाटेने चालले होते. नाव मात्र एकाचे राहिले. कारखान्यात वर्षानुवर्षे तेच पाहत आलेल्या आम्हाला याचे नवल वाटले नाही. तथापि काल्मानचे एक देणे निर्विवाद त्यांचे आहे. कोणती गोष्ट बाहेरून ओळखता येईल आणि कोणती कितीही हुशारी केली तरी येणार नाही, याची कसोटी त्यांनी दिली. लटकलेले ओझे पुढे-मागे झुलले तर त्याचा ओढा ट्रॉलीला जाणवतो. म्हणून ट्रॉलीवरून झोका ओळखता येतो. तेच ओझे दोराच्या आसाभोवती स्वतःशीच गिरकी घेऊ लागले तर ट्रॉलीला पत्ता लागत नाही. तिथे निरीक्षक आंधळा, आणि आंधळा राहणार.

'निरीक्षक' हे नाव स्टॅनफर्डच्या डेव्हिड लुएनबर्गर यांच्या १९६४ च्या निबंधातून रूढ झाले. त्यांची रीत साधी: दुरुस्तीचे प्रमाण आधीच ठरवून टाकायचे, म्हणजे फरक किती वेगाने विरेल ते आपल्या हातात राहते. भरवशाची खतावणी त्यात नाही. काल्मानच्या रीतीत ती आहे, आणि या भाषणात आम्ही तिला मध्यभागी ठेवले आहे. काल्मानचे यंत्र दर क्षणी दोन आकडे काढते: ओझे कोठे आहे, आणि मी किती चुकत असेन.

हा दुसरा आकडा किती जपावा लागतो ते चंद्राच्या वाटेवर कळले. १९६० च्या शरद ऋतूत काल्मान कॅलिफोर्नियात एम्स येथे स्टॅन्ले श्मिट यांना भेटले. श्मिट यांच्या मंडळींपुढे चंद्राकडे जाणाऱ्या यानाचा मार्ग ओळखण्याचा प्रश्न होता. काल्मानचे गणित सरळ रेषेच्या जातीचे, आणि आकाशातले मार्ग वाकडे. श्मिट यांनी युक्ती केली: दर पावलाला चालू अदमासाभोवतीचा छोटा तुकडा सरळ मानायचा. परंतु चालवून पाहता त्या काळात ठिकठिकाणी एक विचित्र रोग दिसू लागला. गणित पुढे जाई तशी 'मी किती चुकत असेन' ही रक्कम घटत घटत शून्याजवळ येई. मग गणिताला वाटे, आपले सगळे बरोबर. नव्या मापाला ते किंमतच देईना. माप ओरडून सांगते आहे की यान इकडे आहे, आणि गणित आपल्या मस्तीत तिकडे निघाले आहे. त्यावर उपाय असा निघाला, की हिशेबात मुद्दाम थोडी शंका ओतत राहायची, म्हणजे कान उघडे राहतात. कधी रोग केवळ आकड्यांच्या खुडण्यामुळे होई; लहान संगणकाला लांब अपूर्णांक पेलत नसत. त्यावर एमआयटीच्या जेम्स पॉटर यांनी शंकेच्या रकमेऐवजी तिचे वर्गमूळ सांभाळण्याची तोड काढली. वर्गमूळ सांभाळले की रक्कम चुकूनही उणे होत नाही.

तो संगणक खरोखरच लहान होता. अपोलो यानातल्या यंत्रात एक शब्द १५ अंशांचा, कायमची स्मृती ३६,८६४ शब्दांची आणि पुसता येणारी अवघी २,०४८ शब्दांची. कायमची स्मृती अक्षरशः विणलेली होती. बारीक चुंबकी कड्यांतून तार आत गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्टहॅम गावी कारखान्यात बसून हे काम स्त्रिया करीत. एक तार चुकली तर गणित चुकले. गिरणगावातल्या माणसाला हे वाचताना साचे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. चंद्रावर जाण्याचा हुकूम ताण्या-बाण्यासारखा विणणाऱ्या त्या बायांची नावे आमच्या वाचनात कोठे आली नाहीत.

चंद्रावर उतरणारे यान म्हणजे तर बहुपिंड रचनेचा कळसच. वजन सुमारे १५ टन, त्यात निम्म्याहून जास्त इंधन. ते जळत जाते तसे यान हलके होते आणि उरलेले टाकीत हिंदकळते. अभियंते हिंदकळणाऱ्या द्रवाच्या जागी टाकीत एक लंबक टांगला आहे असे मानून हिशेब करतात. पाहा, आपली क्रेन इथेही आलीच. यान वळण्याचा वेग मोजणारे साधन मुख्य संगणकाला जोडलेले नव्हते. सेकंदाला दहा वेळा त्याला केवळ कोन कळत. वेग तो निरीक्षकाच्या रीतीने काढी. कोणती झोत-नळी किती वेळ पेटवली हे त्याला ठाऊक, म्हणून कोन किती बदलायला हवा हेही ठाऊक. प्रत्यक्षात किती बदलला ते पाहून तो वेगाचा अदमास सुधारी. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ उतरताना इंधन हिंदकळल्यामुळे ते संपत आल्याचा दिवा वेळेआधी लागला. कोन सांभाळणारे गणित मात्र ढळले नाही.

यानंतर ही विद्या जमिनीवर आली. मोटार वळणावर घसरते तेव्हा तिचे तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे असते. या दोहोंमधला कोन मोजण्याचे स्वस्त साधन नाही. चाकांचा वेग, स्टिअरिंग, गाडीची गिरकी आणि आडवा हिसका मोजून तो कोन अदमासाने काढतात, आणि बिनसले तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावतात. ही योजना १९९५ साली मर्सिडीजच्या महागड्या गाडीत आली. १९९७ च्या ऑक्टोबरात त्याच कंपनीची छोटी ए-क्लास गाडी स्वीडनमध्ये एका मासिकाच्या चाचणीत, अचानक आडवे वळण घेताना, उलटली. मग कंपनीने विक्री थांबवली आणि त्या छोट्या गाडीतही हे साधन सरसकट बसवले. श्रीमंतांच्या गाडीतली सुरक्षितता साध्या गाडीत येण्यासाठी कोणीतरी उलटावे लागते, ही आमची टीका, तज्ज्ञांची नव्हे.

आणखी एक अडचण सांगितली पाहिजे, कारण बहुपिंड यंत्रांची ती खास आहे. पायाने चालवायचे शिलाईचे यंत्र घ्या. पायटा, उभा दांडा, चाकाची कोपरी आणि खालची चौकट मिळून चार दांड्यांची बंद साखळी होते. तीन अंगे हलताना दिसतात, पण स्वातंत्र्य एकच: चाकाची कोपरी कोठे आहे ते कळले की उरलेली दोन्ही ठरली. काल्मानच्या गणिताला हे ठाऊक नसते. ते प्रत्येक अंगाला मोकळे समजून वेगवेगळी दुरुस्ती सुचवते, आणि कागदावर दांडा कोपरीतून निखळतो. मग जोड पुन्हा बसवावे लागतात, किंवा मुळातच एक स्वतंत्र कोन घेऊन हिशेब करावा लागतो. स्पेनमध्ये ला कोरुन्या येथील हावियेर क्वाद्रादो आणि त्यांचे सहकारी यांनी मोटारीच्या संपूर्ण बहुपिंड गणिताला काल्मानची रीत जोडण्याचे प्रयोग केले. २०१२ सालचा त्यांचा निबंध प्रसिद्ध आहे. गणित यंत्राच्या वेगाने चालले पाहिजे, मागे पडता कामा नये, ही तिथली खरी लढाई.

आता आमची चौकशी. पेटी बनवणाऱ्यांच्या बाजूने एक तरुण अभियंता साक्षीला आला. माणूस प्रामाणिक होता. आम्ही विचारले, कोन मोजलेला की काढलेला? तो म्हणाला, काढलेला. विचारले, पेटी स्वतःच्या चुकीचा अदमास ठेवते काय? म्हणाला, आत दर क्षणी ठेवते. छापील कागदावर त्याला रकाना नाही. मग आम्ही विचारले, त्या दिवशी हुकाखाली काय होते? त्याने नोंद पाहिली. लांब स्लिंग आणि त्यांना आडवा बांधलेला लांब पाइप. पेटीच्या हिशेबात हुक आणि ओझे मिळून एकच लंबक धरलेला होता. प्रत्यक्षात हुक हा एक लंबक, आणि त्याखाली पाइप हा दुसरा. त्यांच्या झोक्याचा वेळ वेगळा, कधी दोघे एका दिशेला, कधी उलट. अभियंत्याने कागद खाली ठेवला आणि म्हणाला, या स्थितीत तो आकडा किती खरा ते मी सांगू शकत नाही.

कागद पुराव्यातून वगळला गेला. ऑपरेटर महिन्याने परत केबिनमध्ये चढला. खलाशाचा पाय वाचला, पण तो आता शेडमध्ये नाही, स्टोअरमध्ये बसतो. पुढच्या करारात आम्ही एक कलम घालून घेतले: यंत्राच्या नोंदीत मोजलेले आकडे एका रकान्यात आणि काढलेले दुसऱ्या रकान्यात छापावे, आणि काढलेल्या प्रत्येक आकड्यापुढे तो किती चुकू शकतो तेही छापावे. व्यवस्थापनाने तिसऱ्या बैठकीत ते मान्य केले.